दाजींचा ठोका

आनंदराज गजभारे सरांना एका गोष्टीची खात्री आजवर झालेली नाही. येरगूड्याच्या त्या घरात जमिनीखालून जो आवाज आला, तो त्यांनी आधी ओळखला आणि मग अक्कानं तो कुणाचा ते सांगितलं, की अक्कानं आधी सांगितलं आणि म्हणून त्यांना तो ओळखू आला? उभी हयात भूगर्भशास्त्र शिकवण्यात गेलेल्या माणसाला हा फरक लहानसा वाटत नाही. आधी नीट बघा, नाव नंतर द्या, असं ते दरवर्षी पोरांना सांगत. पण त्या दिवशी स्वतः त्यांनी आधी काय केलं आणि नंतर काय, हे आठवायला बसलं की दोन्ही सारखंच खरं वाटू लागतं. वय झालं की असं होतं, असं डॉक्टर म्हणतात. सर मान हलवतात, घरी येतात आणि पुन्हा आठवायला बसतात.

बाकीचं मात्र त्यांना लख्ख आठवतं. निदान त्यांना तसं वाटतं.

काम अगदी साधं होतं. येरगूड्याला जायचं आणि अक्काला नांदेडला घेऊन यायचं.

अक्का म्हणजे नागुबाई, सरांची थोरली बहीण. ती धम्मदीक्षेच्या आधी जन्मली म्हणून नागुबाई, आणि हे दीक्षेनंतर झाले म्हणून आनंदराज. लग्न झालं तशी ती लोह्याजवळचं गाव सोडून नवऱ्याबरोबर कोळशाच्या पट्ट्यात गेली. किनवटच्या पुढं, पैनगंगा ओलांडली की सागाचं जंगल लागतं, आणि जंगल संपता संपता झाडांची पानंच काळपट दिसायला लागतात. तिथं येरगूडा. एक बाजाररस्ता, एक पाण्याची टाकी, छोटीशी नगरपालिका, आणि तिच्या चहूबाजूंनी खाणकामगारांच्या घरांच्या लांबच लांब लाइनी.

अक्काचा नवरा निवृत्ती. सर त्यांना दाजी म्हणत. उंच, कमी बोलणारा माणूस. डाव्या भुवईवर एक निळी रेघ होती, कडुनिंबाच्या पानाएवढी. जखमेत कोळशाची भुकटी राहिली आणि वरून कातडी धरली की अशी निळी खूण होते, ती मरेपर्यंत जात नाही. त्या पट्ट्यात अशा खुणा पुष्कळांच्या अंगावर दिसतात.

आणि मग, सर नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, खाणीतल्या जुन्या भुयारात साठलेलं पाणी फुटलं. सकाळच्या पाळीला उतरलेली बहुतेक माणसं खालीच राहिली. पाणी उपसून संपेना, तेव्हा खाण तशीच बंद केली. एकही प्रेत वर आलं नाही. दाजीही त्यातच गेले. अक्काला कंपनीच्या कॅन्टीनात काम मिळालं, राहायला तीच लाइन, तेच घर. मूलबाळ नव्हतं. काम संपलं, म्हातारपण आलं, तरी ती तिथून हलली नाही.

आता कंपनी वरूनच कोळसा काढणार होती. म्हणजे आधी येरगूडा काढायचं, मग माती, मग कोळसा. लाइनी एकेक करून रिकाम्या झाल्या. अक्काच्या लाइनीवर दुसऱ्या दिवशी सकाळी बुलडोझर यायचा होता आणि त्या लाइनीत एकटी अक्का उरली होती. फोनवर ती "येते की रं" म्हणायची आणि यायची नाही. आज ती आपल्या पायांनी निघाली नाही तर उद्या पोलीस तिला उचलून बाहेर काढणार, हे सरांना कळत होतं. सत्तरी ओलांडलेल्या बहिणीला चार शिपायांनी दंडाला धरून ओढावं, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

टेंपो गुंडप्पाचा होता. देगलूरकडचा माणूस. येरगूड्यातली अर्धी घरं त्यानंच वाहिली होती.

"सर, तुमी नीट धरून बसा," भोकर सोडल्यावर तो म्हणाला. "हे खड्डे नाहीत, मधेमधे रस्ता हाय."

"अक्काचं सामान फार नसेल."

"सामान कमीच असतंय हो. माणूसच जड जातंय. मागच्या खेपेला एक म्हातारी टेंपोत बसली, अन् दरवाजाची चौकट काढून द्या म्हणाली. दिली काढून. नवीन घराला बसंना, आता तिचा पलंग करून झोपून राहिलीय."

येरगूड्यात ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लाइनीत शिरता आलं नाही. मधोमध चर खणला होता. टेंपो टाकीपाशी उभा केला आणि सर चरावरच्या फळीवरून, गुडघा सांभाळत, चालत निघाले. दोन्ही बाजूंना घरं होती, पण दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या. प्रत्येक घराला नुसत्या काळ्या चौकोनी भोकांचं तोंड. कुत्रंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात मागून नगरपालिकेची घंटागाडी आली. ओला कचरा, सुका कचरा, असं गाणं वाजवत ती पलीकडच्या लाइनीतून सावकाश गेली, रिकाम्या घरांपुढं रोजच्यासारखी थोडी थोडी थांबत. सर ते बघत उभे राहिले. काही भीतीदायक नव्हतं त्यात. नेमून दिलेलं काम कुणी रद्द केलं नव्हतं, एवढंच.

अक्का दारात उभी होती. तिचं दार जागेवर होतं.

"जय भीम. आलास व्हय रं आनंदा? किती वाळलास! सून खायाला घालती का न्हाई?"

"घालते अक्का. सामान भरलंस का?"

"आधी जेव."

तिनं भाकरी केली, पिठलं केलं, ठेचा वाढला. घरात काहीच हललेलं दिसत नव्हतं. भांडी फळीवर, गोधडी वलणीवर, भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. सर जेवत होते आणि बोलायला शब्द शोधत होते. एकदम अक्का उठली. फळीवरची भांडी तिनं पटापट उपडी केली आणि दोन्ही हातांनी फोटो भिंतीला दाबून धरले.

"हात उचल ताटातून. सुरुंग फोडतील आता."

जमीन एकदा खालून वर आली आणि खाली बसली. मग आवाज आला. छपरातून बारीक काळी भुकटी ताटात पडली. अक्कानं फोटो सोडले आणि भांडी पुन्हा सरळ केली, रांगोळी काढावी इतक्या सवयीनं.

"अक्का, उद्या ते घरच पाडणार आहेत."

"ठावं हाय."

"मग?"

तिनं फळीवरची भुकटी पदरानं पुसून काढली. मग म्हणाली, "सांजच्याला सांगते."

सांज झाली. पश्चिमेकडं उकरलेल्या मातीचा डोंगर होता, त्यामुळं तिथं सूर्य लवकर बुडे. अक्कानं फोटोपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले. मग दारामागून एक काठी काढली. हातांनी घासून घासून तुकतुकीत झालेला बांबू, एका टोकाला लोखंडी शेंबी. काठी उभी होती ती शेंबी वर करून.

"ही दाजींची?"

"त्यांचीच. त्या रोजी घरीच राहिली. दुसरी कुनाची तरी घेऊन गेले म्हनले लोक." तिनं काठीवरून हात फिरवला. "खाली काय काम व्हतं त्यांचं, ठावं हाय का तुला? सगळ्यांच्या पुढं जायाचं. शेंबीनं छत ठोकायचं. पक्कं वाजलं की पुढं. बाकीची मान्सं अंधारात, ह्या आवाजाच्या मागंमागं. तोंड कुनाचं दिसत न्हाई तिथं. ठोक्यावरून वळखायचे, कोन पुढं हाय ते. ह्यांचा ठोका म्हंजी दोन बारीक, जरा थांबून येक जड."

"आठवतं," सर म्हणाले. आणि इथंच त्यांचा घोटाळा आहे. आठवत होतं का? लहानपणी दाजी लोह्याला यायचे तेव्हा दारावर असंच वाजायचं, असं त्यांना वाटतं. पण ते तेव्हा वाटलं, की नंतर?

अक्कानं चुलीजवळचा पाट सरकवला. खाली शहाबादी फरशी, मधोमध झिजून पांढरी पडलेली. तिनं काठी शेंबी वरच ठेवून धरली आणि बांबूच्या टोकानं फरशीवर ठोकलं. दोन बारीक. जरा थांबून एक जड.

मग ती नुसती बसून राहिली.

मेणबत्तीची ज्योत हलत नव्हती. ओल्या कोळशाचा वास त्या घराला दिवसभर होताच, पण आता तो थंड झाला होता, विहिरीत डोकावल्यावर तोंडावर येतो तसा. सरांना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आणि त्या टिकटिकीच्या खालून, फार खालून, घाई न करता...

ठक ठक.

आणि जरा थांबून, एक जड.

सर उठले नाहीत, ओरडले नाहीत. मग त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागलं. वर्गात बोलावं तसं ते बोलत होते. खाली जुनी भुयारं आहेत. ती पोकळ आहेत. कोळशाचे खांब दाबाखाली तडकतात, पाणी हलतं, दुपारच्या स्फोटानंतर दगड तासन्‌तास जागा धरत राहतो. पोकळीत आवाज घुमतो. वरून ठोकलं की...

"असंल," अक्का म्हणाली. "तू शिकलेला हायस."

"अक्का, आपण असलं मानत नाही. भूतबित..."

तिनं झटक्यानं मान वर केली. "भूत कोन म्हनलं? बावीस प्रतिज्ञा मला तुझ्या आधीपासून पाठ हायेत. भूत न्हाई त्ये. नवरा हाय."

सरांनी खाली वाकून फरशीला हात लावून बघितला.

"म्या यायला तयार हाय रं," ती हळूच म्हणाली. "पन रोज सांजच्याला म्या इच्चारते आन् ते हाय म्हनत्यात. उद्या म्या नसले, घर नसलं, तर ते ठोकत बसतील... वरून कुनीच न्हाई. त्येन्ला सांगितल्याबिगर कसं निघू? म्या सांगाया जाते तर रडू येतंय. तू सांग. तुझं ऐकायचे ते."

सरांनी बाहेर बघितलं. टाकीपाशी टेंपोचे दिवे दिसत होते. मनात आलं, हे मी केलं तर मी कोण राहिलो? आणि नाही केलं तर उद्या सकाळी चार शिपाई. त्यांनी काठी घेतली. बांबूचं टोक फरशीवर टेकवून, अक्कानं मारला होता तसाच, दोन बारीक आणि एक जड ठोका मारला. शरमेनं कान तापले होते.

"दाजी... मी आनंदा. अक्काला नांदेडला नेतोय. तिची काळजी करू नका."

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण माणूस नात्यातल्या कुणाचा निरोप घेताना जे बोलतो, ते सवयीनं तोंडातून गेलंच.

"तुम्हीपण या... आमच्याकडं."

खालून काही आलं नाही. ते थांबले, अक्का थांबली. काहीच नाही. सरांना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"झालं," अक्का डोळे पुसत उठली. "चल आता."

दोन गाठोडी आतल्या खोलीत बांधूनच ठेवलेली होती. निघायची तिची तयारी केव्हाची होती. अडून होतं ते फक्त एवढं सांगण्यावर. गुंडप्पा येऊन गाठोडी आणि भांडी घेऊन गेला. अक्कानं फोटो छातीशी धरले आणि मागं न बघता पुढं झाली. सरांच्या हातात काठी राहिली. दुपारभर मांडी घालून बसल्यानं गुडघा धरला होता, बाहेर अंधुक झालं होतं. त्यांनी काठी टेकत चालायला सुरुवात केली. शेंबीचं टोक खाली. काठीला शेंबी असते ती खाली टेकायला, हे शहरातलं कुणीही सांगेल.

टक. टक. टक. रिकाम्या लाइनीत आवाज घरांच्या भोकांतून जाऊन परत येत होता. चरावरच्या फळीशी सर दम घ्यायला थांबले. काठी थांबली आणि त्यानंतर आणखी एक टक ऐकू आलं. प्रतिध्वनी, त्यांनी मनाशी म्हटलं. ते पुन्हा कुठं थांबले नाहीत.

टेंपोपाशी गुंडप्पा हसला. "सर, उलटी धरलीत की काठी! इथले म्हातारे लोखंड वर करून नेतात, बंदुकीवाणी. पैल्यांदा एकाला बघितलं तर मी हातच वर केले होते."

सरही हसले. अक्का पुढं जाऊन बसली होती. तिनं ऐकलं नाही.

वाटेत भोकरला चहाला उतरले तेव्हा गुंडप्पानं टेंपोला एक चक्कर मारली, दोऱ्या ओढून बघितल्या. "काय सुटलंय कळंना. खालून वाजून राहिलंय मघापासून," तो म्हणाला. काही सुटलेलं नव्हतं. सर काठी टेकत हॉटेलात गेले आणि काठी टेकत परत आले.

नांदेडला तरोड्यात सरांचं घर आहे, तळमजल्याचं. मुलगा पुण्याला असतो. सून धम्मप्रिया इथल्या शाळेत आहे, म्हणून ती सरांजवळ राहते. तिनं अक्कासाठी स्वयंपाकघरालगतची खोली नीट लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कानं मेणबत्ती लावली आणि काठी मागितली, तेव्हा सरांनी मनाची तयारी केली होती. ती ठोकेल. उत्तर येणार नाही. रडेल. मग हळूहळू सावरेल. याच शहराच्या कडेला हातोडी घेऊन त्यांनी पोरांना दाखवलं होतं, नांदेडखाली काय आहे ते: काळा पाषाण, थरावर थर, शेकडो फूट खोल. ना भुयार, ना पोकळी, ना कोळसा.

अक्कानं ठोकलं.

घाई न करता, फार खालून... दोन बारीक. जरा थांबून एक जड.

अक्काचं तोंड लहान पोरीसारखं फुललं. "आले बग! तू या म्हनलास ना. तुझं ऐकायचेच ते."

स्वयंपाकघरातून धम्मप्रियानं विचारलं, "बाबा, खाली पाण्याची मोटर चालू आहे का?"

सर म्हणाले, "असेल."

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर चांगली गेली. अक्काची तब्येत सुधारली. शेजारच्या बायकांना ती ठेचा करून देई, विहारात जाई, सुनेची थट्टा करी. संध्याकाळी ठोका, उत्तर, मग जेवण. माणसाला सगळ्याची सवय होते. सरांनी समजूत घालून घेतली, की जे समजत नाही ते सगळंच वाईट असतं असं नाही. बहीण सुखात होती. आपण तिला फरफटू दिलं नाही आणि तिच्या माणसालाही मागं टाकलं नाही, हा विचार झोपताना त्यांना बरा वाटे.

मग गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला अक्कानं खीर केली, मेणबत्ती लावली, ठोकलं, आणि उत्तर ऐकून ती काठी हातात तशीच धरून बसली.

"काय गं?"

"थांबले न्हाईत."

"म्हणजे?"

"तिन्ही सारकेच. मधी थांबले न्हाईत." तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. ठक, ठक, ठक. "हात बदलल्यावानी झालाय..."

त्यानंतर रोज तसंच. अक्का म्हणे, रागावले असतील. म्हणे, म्हातारपण झालं त्यांचंबी. पुढं पुढं ती काही म्हणेनाशी झाली. पावसाळ्यात तिनं ठोकणं बंद केलं, काठी शेंबी वर करून दारामागं ठेवली. पण आता तिनं विचारायची गरज राहिली नव्हती. दुपारी यायचं. सकाळी अंघोळीच्या वेळी यायचं. एकदा सर वाचत बसले होते तेव्हा त्यांच्याच खुर्चीखाली. ठक, ठक, ठक. आवाज मोठा नव्हता. अक्का जेवण अर्धवट टाकू लागली. "आनंदा," ती एकदा कुजबुजली, "हे मला वळखीचे वाटंनात रं..."

हिवाळ्यात सर उदगीरला एका लग्नाला गेले. नवरीची मावशी डॉक्टर मंजुषा, अकरावी-बारावीला सरांची विद्यार्थिनी होती. जेवताना बोलणं खाणींवर आलं. "सर, तुम्ही ते निळ्या खुणांचं शिकवलं होतं ना," ती म्हणाली, "मी आयुष्यात एकाच पेशंटला बघितली. इथंच, गढीच्या मागं राहायचे. दम्याचे होते. भुवईवर अशी निळी रेघ, पानासारखी."

सरांनी घास ताटात ठेवला आणि गढीच्या मागं म्हणजे नेमकं कुठं, ते विचारून घेतलं.

संध्याकाळच्या आत ते त्या घराशी पोचले. पुढं पानपट्टीचं बंद दुकान, मागं एक खोली. दार उघडलं ते एका सुरकुतल्या, ठेंगण्या बाईनं. शांतम्मा तिचं नाव. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. केस पांढरे, गाल बसलेले, आणि डाव्या भुवईवर ती रेघ.

"कुठून आलात?" तिनं विचारलं.

"लोह्याचा आहे मी."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "तुमी नागुबाईचे कोण?"

"...भाऊ."

तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मग खाली बसली. "अय्यो," ती स्वतःशीच म्हणाली, "आज येतील उद्या येतील, असं करत सगळं आयुष्य भिऊन गेलं. आले तर ते गेल्यावर."

तिनंच सांगितलं. तिच्या बापाची येरगूड्यात खाणीच्या फाटकापाशी खानावळ होती. पाणी फुटलं त्याच्या आदल्या दिवशी निवृत्तींनी घरी लागोपाठ दोन पाळ्या असल्याचं सांगितलं आणि ती दोघं तिथून निघून आली. उदगीरला आल्यावर त्यांना बातमी कळली, आणि मेलेल्या माणसांत स्वतःचं नाव ऐकल्यावर निवृत्तींनी ते नावच टाकून दिलं.

"पण हजेरी होती त्यांची," सर म्हणाले. "ते खाली उतरले होते. वाचलेल्या लोकांनी ठोका ऐकला होता."

"बदलीवर गेला एक जण. तवा चालायचं तसं, एकाच्या नावावर दुसरा. दोन-चार दिवस कुणाला कळू नये, एवढंच पाहिजे होतं आमाला." ती पदराशी चाळा करत होती. "काम शोधत आला होता. एकटाच. ह्यांनी आमच्या खानावळीमागं बसून त्याला शिकवलं. खाली तोंड कुणी बघत नाही, ठोका ओळखतात, म्हणाले. दोन बारीक, थांबून एक जड. त्याला ते थांबणं काही जमत नव्हतं. तिन्ही सारखेच मारायचा. हे हसायचे त्याला. म्हणायचे, माझ्या नावावर राहायचं तर, मी हाय तोवर माझ्यासारखंच ठोकावं लागंल. मग जमलं त्याला."

"त्याचं नाव काय होतं?"

शांतम्मानं मान हलवली. "ह्यांनी इचारलंच नव्हतं वाटतं."

बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. सर तांब्यातलं पाणी प्यायले. मग उठताना, अगदी सहज विचारावं तसं, त्यांनी विचारलं, दाजी कधी गेले?

रात्री ते नांदेडला पोचले तेव्हा अक्का जागीच होती. दाराशी खुर्ची टाकून, पाय वर घेऊन बसलेली.

"कशी झाली लग्नाची गडबड?"

"छान झाली," सर म्हणाले. याहून जास्त त्यांनी तिला तेव्हा सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही. खालचा तेवढा बोलत होता. ठक, ठक, ठक.

बाकी कशाचीही खात्री सरांना देता येत नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी शांतम्माकडून दोनदा वदवून घेतली, मंजुषाला फोन करून पुन्हा विचारली, आणि घरचं जुनं कॅलेंडर काढून ताडून बघितली. दाजी गेले ते गेल्या वर्षी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी. सकाळी.